गडद रंगाची लिक्विड लिपस्टिक मधूनच का निघते?
गडद मरून किंवा जांभळी मॅट लिक्विड लिपस्टिक दिवसभर टिकते का आणि ती ओठांच्या मधूनच का निघते, असा तुमचा प्रश्न आहे. अशा बहुतेक लिपस्टिकमध्ये आयसोडोडेकेनसारखा चटकन उडून जाणारा द्रव असतो. तो उडाला की सिलिकॉन रेझिन आणि रंगद्रव्य यांचा पातळ थर ओठांवर घट्ट बसतो. हा थर पाण्याला दाद देत नाही, परंतु तेलाने मऊ पडतो, म्हणूनच पेल्याच्या कडेवर डाग न उमटवणारी लिपस्टिक तेलकट घास खाताच सुटू लागते. ओठांच्या आतल्या ओलसर कडेला तर हा थर मुळातच नीट धरत नाही, आणि फिक्या रंगात जे लपून जाते ते गडद रंगात लगेच उठून दिसते: तोंड किंचित उघडले की मधोमध एक फिकट पट्टी. जांभळ्या-निळ्या छटा पुष्कळदा लावतानाच ठिकठिकाणी विरळ दिसतात, त्यामुळे दुसरा जाड हात देण्याचा मोह होतो. तो कृपया आवरावा, कारण जाड थर वाळल्यावर तडकतो आणि त्याचे कण सुटतात. त्याऐवजी ओठांवरचा बाम पूर्ण टिपून पातळ हात द्यावा आणि तो वाळेपर्यंत ओठ एकमेकांवर दाबू नयेत. काढताना घासू नये; तेल लावून मिनिटभर थांबावे.