दिवाळीआधी मैत्रिणींसाठी घरी एक दिवसाचे हस्तकला वर्ग घ्यायचे आहेत. किती कला ठेवाव्यात आणि तयारी कशी करावी?

दिवाळीच्या आधी आठ-दहा मैत्रिणींना घरी बोलावून दिवसभर हस्तकलेचे वर्ग घ्यायचे असतील तर किती कला ठेवाव्यात, शिकवावे कोणी आणि खर्चाचे काय करावे, असे आपण विचारले आहे. पुण्यात आमच्या घरी गेली सहा वर्षे दिवाळीपूर्वीच्या एका रविवारी असा दिवस होतो, त्या अनुभवावरून लिहिते.

दिवसाला दोनच वर्ग ठेवा आणि संध्याकाळी प्रत्येकीच्या हातात पूर्ण झालेली वस्तू असेल असेच काम निवडा, हे माझे पहिले सांगणे. पहिल्या वर्षी मी वारली चित्र, क्रोशा, आकाशकंदील आणि कागदी फुले असे चार वर्ग ठेवले होते. क्रोशाची सुई नीट धरण्यातच पाऊण तास गेला, वारलीचा रंग वाळायच्या आत कागद गुंडाळावे लागले आणि एका मैत्रिणीचा अर्धा कंदील पुढे कित्येक महिने तिच्या कपाटावर पडून होता. अर्धवट वस्तू घरी गेली की सहसा पूर्ण होत नाही, आणि आपल्याला हे जमत नाही असा समज मात्र पक्का होतो. याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण तिचा हात चांगला होता. मीच तिला पुरेसा वेळ दिला नव्हता.

आता सकाळी आकाशकंदील आणि दुपारी गोधडीचा टाका एवढेच असते. कंदील आम्ही जुन्या पद्धतीचा, बांबूच्या काड्यांचा करतो. सारख्या लांबीच्या २४ काड्यांचे ६ चौकोन बांधायचे आणि ते कोपऱ्याला कोपरा जोडत गेले की मधले ८ त्रिकोण आपोआप तयार होतात. वर एक चौकोन, खाली एक आणि भोवताली चार चौकोन कोपऱ्यावर उभे, अशी ती आकृती असते. ९ इंची काड्या घेतल्या तर कंदील साधारण फूटभर उंच होतो. दहा जणींसाठी २४० काड्या लागतात, त्या बुरूड आळीतून आठवडाभर आधी आणून, एका मापाने कापून, पॉलिश पेपरने घासून ठेवाव्यात. न घासलेल्या बांबूची कूस बोटात शिरली की त्या व्यक्तीचा पुढचा सगळा वेळ तिच्याकडे लक्ष देण्यात जातो.

खरी युक्ती पुढे आहे. प्रत्येकीच्या सहापैकी चार चौकोन मी आदल्या रात्रीच बांधून ठेवते आणि दोन त्यांच्याकडून बांधून घेते. दोन चौकोनांत गाठ हाताला बसते आणि मग जोडणीच्या १२ गाठी न कंटाळता होतात. सगळे चौकोन स्वतः बांधून देणे मला पटत नाही, कारण मग वर्गात फक्त कागद चिकटवणे उरते. गाठी ढिल्या राहिल्या तर सांगाडा पिळवटतो, म्हणून वरच्या चौकोनात कर्णावर १३ इंची एक जादा काडी आवळून बांधावी. दिव्याची वायरही तिलाच टांगता येते.

कागद पतंगाचा घ्यावा आणि चिकटवायला मैद्याची खळ करावी. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळी न ठेवता कालवून मंद आचेवर ढवळत राहावे, आणि पळीला जाडसर धरू लागली की उतरवावी. खळ पातळ राहिली तर ओल्या कागदाचा रंग पसरतो. खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, परंतु ते विषारी असते आणि एका दिवसाच्या कामाला त्याची गरजही नाही. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवावा, म्हणजे आतली उष्णता बाहेर पडते. दिवा मात्र कमी वॅटचा एलईडीच लावावा.

दुपारच्या वर्गात गोधडी पुरी होणे शक्य नाही, म्हणून आम्ही १५ इंची बसकर शिवतो. जुन्या सुती साडीचे तीन थर, कडा आत दुमडलेल्या, आणि बाहेरून आत फेर घेत जाणारा धावदोरा. हा वर्ग माझ्या एका मैत्रिणीची आई घेते. त्या खडूने रेघ आखत नाहीत. अंगठ्याचे पेर कापडावर टेकवून दोन फेरांमधले अंतर पाहतात, आणि पाच-सहा टाके सुईवर गोळा झाल्याखेरीज दोरा ओढत नाहीत. ते त्यांच्याजवळ बसून पाहिल्याशिवाय हाताला येत नाही, म्हणून एका वेळी तिघी-चौघीच त्यांच्याभोवती बसतील अशी जागा करते.

शिकवणे यजमानीणबाईंनी स्वतःकडे घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पाणी, चहा, सांडलेली खळ आणि हरवलेली कात्री पाहता पाहता शिकवणे होत नाही, आणि दोन्हीकडचे काम बिघडते. जेवणाला आदल्या दिवशी तयारी करून ठेवलेला मसालेभात आणि मठ्ठा पुरतो. चिवडा, भजी असे तेलकट पदार्थ मात्र सगळे काम आवरेपर्यंत बाहेर काढू नयेत, कारण कागदावर पडलेला तेलाचा डाग दिवा लावला की उठून दिसतो. सामानाचा खर्च आम्ही सारखा वाटून घेतो आणि बोलावतानाच आकडा सांगतो. शिकवणाऱ्यांकडून पैसे घेत नाही.

कंदील घरी नेताना मोठ्या पिशवीत सुटा न्यावा. झिरमिळ्या वर्गात कापून घ्याव्यात, पण वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या द्याव्यात आणि घरी गेल्यावर चिकटवायला सांगावे; लावून पाठवल्या तर रिक्षातच फाटतात.