स्टायलस न उचलता लिहिणं आज शिकण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न : "नव्या फोनसोबत स्टायलस आला आहे. क्विकरायटिंगसारखी, स्टायलस न उचलता सलग लिहायची पद्धत आज शिकण्यात अर्थ आहे का? मराठीत जमेल का?"

अर्थ आहे. माझा साळा याच्या उलट सांगत फिरतो, म्हणून लिहायला बसलो.

2001 मध्ये आम्ही दोघं नागपूरच्या गांधीबागेतल्या एका ठोक औषध दुकानासाठी ऑर्डर घेत फिरायचो. दोघांकडे सेकंडहँड पाम, म्हणजे स्टायलसने लिहायचा हातातला छोटा संगणक. तो ग्राफिटीवाला, म्हणजे पामसोबत आलेल्या लिहायच्या पद्धतीचा. एक अक्षर, एक फटकारा, स्टायलस उचला, पुढचं अक्षर. 'ए' म्हणजे आडवी दांडी नसलेला, अर्थात उलटा 'व्ही'. ग्राफिटी अर्ध्या तासात येते, मान्य.

मी माझ्या पामवर क्विकरायटिंग टाकलं. केन पर्लिनने 1998 मध्ये मांडलेली पद्धत; संगणकावर नैसर्गिक दिसणारे पोत काढायच्या ज्याच्या 'पर्लिन नॉइज' या तंत्राला ऑस्करवाल्यांनी तांत्रिक पुरस्कार दिला तोच हा पर्लिन. मधे रिकामी जागा, भोवती आठ घरं, त्यांत अक्षरं वाटलेली. मधून निघून घरात शिरायचं आणि परत मधे यायचं. जास्त लागणारी अक्षरं अशी सरळ जाऊन-येऊन होतात, बाकीच्यांसाठी परत येण्याआधी शेजारच्या एखाद्या घराकडे वळावं लागतं. अख्खा शब्द झाला तरी टोक काचेवरून उठत नाही.

तिसऱ्याच दिवशी साळ्याने पैज लावली. वीस औषधांची नावं, हरणाऱ्याने तर्री पोहे खिलवायचे. त्याची वीस झाली तेव्हा माझी नऊ. मे महिना, घामाने स्टायलस बोटातून निसटत होता, पण ते कारण नव्हतं. हात बसलाच नव्हता. पोहे मी खिलवले. वर दुकानभर सांगत सुटला, "भाऊजी ऑर्डर नाही लिहून राहिले, जिलेब्या पाडून राहिले!"

तीन आठवड्यांनी माझं असं झालं की दुकानदार नावं सांगतोय, मी त्याच्या रॅककडे बघतोय, खाली अधूनमधूनच नजर टाकतोय. साळ्याला म्हटलं, आता लाव पैज. आजपर्यंत लावलेली नाही बाप्पा.

त्याची फजिती पुढे झाली. एका फटकाऱ्यात एक अक्षर काढायच्या 'युनिस्ट्रोक्स' पद्धतीचं पेटंट झेरॉक्सकडे होतं, आणि त्यावरून ग्राफिटीविरुद्ध तिने 1997 मध्येच दावा लावला होता. शेवटी 2003 मध्ये पामने ग्राफिटी बदलून ग्राफिटी 2 आणली. त्यात 'टी', 'के', 'एक्स'ला दोन-दोन फटकारे. त्याने नवा पाम घेतला आणि महिनाभर 'टी'ला शिव्या घालत होता. अर्ध्या तासात शिकलेलं म्हणे!

आणि आज तो व्हॉट्सॲपवर अंगठा न उचलता अक्षरांवरून सरकवत इंग्रजी लिहितो. स्वाइप (Swype) नावाच्या कीबोर्डने 2009 मध्ये फोनवर हेच आणलं, त्याआधी आयबीएममध्ये शुमिन झाई आणि क्रिस्टनसन यांनी यावर काम केलं होतं. मी म्हटलं, हे काय मग? तर म्हणे, "हे वेगळं आहे."

वेगळं आहेच, तेवढं त्याला देतो. तिथे यंत्र शब्दकोशातून अंदाज बांधतं. औषधाचं अनोळखी नाव सरकवून बघा, भलताच शब्द उमटतो. एका औषधाच्या जागी दुसरं गेलं तर ऑर्डर परत कोण घेईल? क्विकरायटिंगमध्ये जे काढाल तेच अक्षर पडतं. रोज चारच वाक्यं 'हो, येतो, पोचलो' छापाची लिहायची असतील तर मात्र अंगठाच सरकवा, माझं हे पुराण विसरा.

शिवाय क्विकरायटिंग तुमच्या फोनवर चालेल असं तुम्हालाच शोधावं लागेल. माझं सगळं त्या जुन्या पामवरचं आहे.

मराठीचं राहिलंच. आठ घरांत सव्वीस अक्षरं नीट मावतात. आपली व्यंजनं, मात्रा, जोडाक्षरांसाठी हलन्त हे सगळं कोंबायचं तर घरांचे दोन-तीन थर लागतील, आणि थर बदलायला दरवेळी एक जास्तीचा फेरा. मी तेव्हा कागदावर मांडून पाहिलं होतं. 'ज्ञ'पाशी सोडून दिलं.