पुढचे स्टेशन रबाळे

“मॅडम, विषय मला पूर्ण माहीत असतो, पण चार माणसांसमोर उभा राहिलो की सगळं पुसलं जातं.” ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशन कक्षात हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे की, समोरची व्यक्ती ‘विषय’ म्हणाली की पुढचे मला ठाऊक असते. सांगणाऱ्यांत ऐरोली-महापेच्या कंपन्यांतले टीम लीडर असतात, पीएचडीची मौखिक परीक्षा तोंडावर आलेल्या प्राध्यापिका असतात आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हिशेब मांडावा लागणारे खजिनदारही असतात. आधी भीती घालवायची आणि मग बोलायला लागायचे, हा उपायाचा क्रम बहुतेकांनी घरूनच ठरवून आणलेला असतो. तो उलटा आहे हे पटवण्यात माझा बराच वेळ जातो. त्यासाठी एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे सांगते.

वय 41. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाचे प्रमुख म्हणून नुकतीच बढती मिळालेली. किती माल नाकारला गेला आणि का, हे दरमहा वरिष्ठांसमोर उभे राहून सांगणे हा आता त्यांच्या कामाचाच भाग होता. पहिल्या दोन बैठकांत त्यांनी पडद्यावरच्या स्लाइड शब्दशः वाचून दाखवल्या आणि तिसऱ्या बैठकीच्या दिवशी रजा टाकली. पाचवीत असताना 1 ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीच्या कार्यक्रमात, ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’पासून शेंगांच्या टरफलांपर्यंत पाठ केलेले भाषण मध्येच एक ओळ निसटल्याने कोसळले होते आणि सगळा वर्ग हसला होता. “तेव्हापासून ही भीती बसली,” असे त्यांचे निदान होते.

“त्या दिवशी बसली असेल,” मी म्हटले, “पण तीस वर्षं तिला खाऊपिऊ कोण घालतंय?”

ते थोडे दुखावले, हे मला दिसले. पण बालपण उकरण्यात मला फारसा रस नसतो. घडून गेलेल्या प्रसंगापेक्षा आज आपण स्वतःला काय सांगतो, त्यातून त्रास टिकून राहतो, असे मानणाऱ्या विचारपद्धतीत माझी घडण झाली आहे. (आपल्या वक्तृत्व स्पर्धांविषयी मात्र माझी तक्रार आहेच. तिथे मुलांना बोलायला नव्हे, पाठ म्हणून दाखवायला शिकवतात, आणि पाठांतराची गंमत अशी की एक मणी घरंगळला की सगळी माळच हातात येते.)

“उभं राहिल्यावर मनात काय येतं?”

“काही नाही. हात थरथरतो.”

“थरथरला तर?”

“लोकांना दिसेल.”

“दिसू दे. पुढे?”

यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मी या खुर्चीला लायक नाही, हे सिद्ध होईल.”

आमच्या पहिल्या तीन भेटींचे सार या एका वाक्यात होते. अ‍ॅड्रेनलिन वाढले की छातीत धडधडते, तोंड कोरडे पडते आणि हात कापतो. ही शरीराची जुनी, प्रामाणिक सवय आहे. ‘हात मुळीच कापता कामा नये’ या हट्टामुळे मात्र आपण भीतीलाच भिऊ लागतो आणि मग लक्ष माहितीवर न राहता स्वतःच्या बोटांवर खिळते. मी त्यांना पाच मिनिटे बोलायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि ते पाहण्याआधी थरथरीला दहापैकी गुण द्यायला सांगितले. त्यांनी नऊ दिले. चित्रीकरण पाहिल्यावर ते तीनवर आले. आपली अस्वस्थता आपल्याला वाटते तितकी इतरांना दिसत नाही, एवढेच आधी समजावून सांगितलेल्या विद्यार्थ्यांची भाषणे इतरांपेक्षा सरस ठरली, असे सावित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले होते. तेही मी त्यांना सांगितले. पण मी स्वतः तेवढ्यावर समाधान मानत नाही, कारण ‘दिसत नाही’ या दिलाशाच्या पोटात ‘दिसले असते तर संपलो असतो’ हे भय शाबूतच असते.

म्हणून मी त्यांना एक विचित्र गृहपाठ दिला: सकाळी ठाण्याहून कामाला जाताना ट्रान्स हार्बर लोकलमध्ये प्रत्येक स्टेशनाचे नाव ते येण्याआधी मोठ्याने जाहीर करायचे. ही कल्पना माझी नव्हे. माझी घडण ज्या विचारपद्धतीत झाली ती, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, 1955 पासून मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस असे प्रयोग सर्रास करायला लावत. तरुणपणी त्यांना स्वतःलाच सभेत बोलण्याची विलक्षण धास्ती होती आणि 19 व्या वर्षी मुद्दाम सभांतून बोलत राहून त्यांनी ती मोडली होती.

“मॅडम, लोक वेडा म्हणतील.”

“म्हणू द्या की. तुम्ही व्हाल का?”

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच बोलू लागले. दिघा गाव आणि ऐरोली तोंडातल्या तोंडात गेली. मग डोळे मिटून त्यांनी “पुढचं स्टेशन रबाळे!” असे जोरात म्हटले. दोघातिघांनी मोबाइलमधून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, “काका, ते वर अनाउन्स करतात.” घणसोलीच्या घोषणेनंतर मात्र शेजारच्या आजींनी विचारले, “तुर्भे आलं की मलाही सांगाल का?”

“मी सांगितलं, त्यांना उतरवून दिलं,” ते म्हणाले, “आणि प्लॅटफॉर्मवर लक्षात आलं, की आजींना उतरवण्याच्या नादात माझ्या हाताचं काय झालं हे मी बघितलंच नाही.”

त्या क्षणी मी काहीही बोलले नाही, याचे मला आजही समाधान वाटते. नव्या समुपदेशकाने इथे लगेच तात्पर्य सांगितले असते. ते स्वतःच पुढे म्हणाले, “प्लांट हेडनाही कुठेतरी उतरायचंच असतं ना? कोणती लाइन बंद ठेवायची, कोणता पुरवठादार बदलायचा. मी त्यांना स्टेशन सांगायचं सोडून स्वतःचाच हात बघत बसतो.”

यानंतरची तयारी तुलनेने सोपी होती आणि ती कोणालाही करता येईल. ऐकणाऱ्यांनी शेवटी कोणता निर्णय घ्यायचा आहे, ते एका वाक्यात लिहून आम्ही तेच प्रारंभी ठेवले. सुरुवातीची दोन वाक्ये तेवढी पाठ केली, कारण बहुतेकांची धडधड पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत शिगेला पोचते आणि पळून न गेल्यास उतरू लागते. उरलेल्या भागासाठी हातात मुद्द्यांचे एक कार्ड. स्लाइडवर आलेख ठेवायचा आणि वाक्ये तोंडी बोलायची, म्हणजे वाचण्याचा मोहच उरत नाही. एक वाक्य संपेपर्यंत एकाच व्यक्तीकडे पाहायचे. सराव मनातल्या मनात न करता उभे राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून करायचा. इंग्रजीची धास्ती होती, तिथे आम्ही लांब वाक्ये तोडून लहान केली आणि कारखान्यात रोज वापरतात तेच शब्द ठेवले. उत्तर ठाऊक नसल्यास “हा आकडा चार वाजेपर्यंत कळवतो” हे वाक्य म्हणण्याचाही त्यांनी सराव केला, आणि चौथ्या बैठकीत पहिल्याच प्रश्नाला ते कामी आले.

ती बैठक काही गाजली नाही. एका आलेखावर त्यांचा गोंधळ झाला आणि त्यांना ठरल्यापेक्षा सहा मिनिटे जास्त लागली, पण पुरवठादाराविषयीचा निर्णय त्याच दिवशी झाला. पाच महिन्यांनी, शेवटच्या भेटीत, हात अजून थरथरतो का असे मी विचारले. थरथरत असावा, असे ते म्हणाले. कितपत, हे मात्र त्यांना सांगता आले नाही.