पहिली सिगरेट अंघोळीआधी

प्रिय मित्रा,

गुरुवारी पहाटे स्लॅब भरून संपला आणि तू टपरीकडे निघालास. जाता जाता म्हणालास, "सर, दोनदा सोडली, दोनदा परत धरली. माझ्यात दमच नाही." भोवती माणसं होती म्हणून गप्प राहिलो. पण तसंच समजून मीही सतरा वर्षं ओढत राहिलो, म्हणून हे पत्र.

तुझ्या दमाचा इथे फारसा संबंध नाही. झुरका घेतलास की निकोटिन फुप्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूत पोचायला १० ते २० सेकंद लागतात. तिथे डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. कृती आणि तिचं फळ यांत इतकं कमी अंतर असलं की मेंदू फार लवकर शिकतो. एका सिगरेटचे दहा झुरके धर. दिवसाला दहा सिगरेटी, म्हणजे रोज शंभर वेळा तीच उजळणी, वर्षाला साडेछत्तीस हजार वेळा. शाळेत कुठलाही पाढा आपण एवढा घोकला नव्हता.

शिवाय मेंदूत निकोटिन जिथे चिकटतं त्या जागाच सवयीनं वाढतात. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, त्या जागा रिकाम्या पडू लागतात आणि जीव कासावीस होतो. तू म्हणतोस, टेन्शन आलं की ओढतो. कामाचं टेन्शन खरंच आहे, ते मी जाणतो. पण त्यातला मोठा वाटा आधीच्या सिगरेटनं मागे ठेवलेला असतो. पुढची सिगरेट तेवढाच भाग शमवते आणि आपल्याला वाटतं, हिनं तारलं. रात्रभर निकोटिन उतरलेलं असतं, म्हणून सकाळची सिगरेट सगळ्यात गोड लागते. उठल्यावर किती मिनिटांत पहिली पेटवता, हे डॉक्टर आवर्जून विचारतात, कारण व्यसन किती घट्ट आहे ते त्यावरून कळतं. तू अंघोळीआधी पेटवतोस. मीही तेच करायचो.

आता चहाचं सांगतो, कारण तिसऱ्या प्रयत्नात मी तिथेच घसरलो. सिगरेट बंद केली आणि तोंड रिकामं नको म्हणून दिवसाला सात-आठ कप चहा ढोसला. चौथ्या दिवशी हात थरथरू लागले, झोप उडाली. वाटलं, हे आपल्याला झेपणारं नाही, आणि पाकीट आणलं. पुढे डॉक्टरांनी उलगडून सांगितलं: धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत चहातलं कॅफिन, म्हणजे तरतरी आणणारं द्रव्य, झपाट्यानं निकालात काढतं. धूर थांबला की तोच चहा अंगात जास्त वेळ रेंगाळतो. तेव्हा सिगरेट सोडशील त्या दिवसापासून चहा निम्म्यावर आण, आणि पहिला महिना तो टपरीवर पिऊ नकोस.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड होईल, भूक वाढेल, ड्रॉइंगवर लक्ष लागणार नाही. तीन-चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते, तेवढ्यात साइटला एक फेरी मारून ये. नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्या शंभरांतले जेमतेम तीन ते पाच जण टिकतात, म्हणून मदत घ्यायला लाजू नकोस. औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम मिळतं. ते साध्या च्युइंगगमसारखं सतत चघळायचं नसतं. चव तिखट लागली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. गोळ्याही आहेत, त्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे समुपदेशक बोलतात. मी पाचव्या खेपेला सुटलो तो गम आणि डॉक्टर या दोन्हींच्या आधारानं.

एक आग्रह आहे. स्लॅबच्या आठवड्यात सोडायला जाऊ नकोस. पुढचा स्लॅब शनिवारी आहे, त्यानंतरचा सोमवार धर. रविवारी रात्री खिशातलं, गाडीतलं, हेल्मेटच्या पेटीतलं सगळं काढून टाक, लायटरसुद्धा. सोमवारी उठल्या उठल्या मला फोन कर. अंघोळीआधी.

तुझा,
सर