बँकेने न विचारता क्रेडिट कार्डाची मर्यादा कमी केली, तर काय करावे?

आपण लिहिले आहे की, चार वर्षांत एकदाही बिल उशिरा न भरता वापरलेल्या आपल्या कार्डाची मर्यादा बँकेने ३,००,००० रुपयांवरून थेट ७५,००० रुपयांवर आणली, त्या कार्डावर आज ६२,००० रुपये देणे आहे, आणि या वागणुकीचा निषेध म्हणून ते कार्ड बंद करून टाकावे असे आपल्या मनात आहे. आपला संताप रास्त आहे; तरीही माझी विनंती आहे की या महिन्यात कार्ड बंद करू नका. आधी जे नुकसान थांबवता येण्यासारखे आहे ते थांबवावे, मग कारण शोधावे, आणि बँकेशी जे काही बोलायचे ते त्यानंतर, लेखी बोलावे.

हे मी अनुभवातून सांगतो आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून लॅपटॉप घ्यायला आम्ही नाशिकमधल्या एका दुकानात गेलो होतो. किंमत ६८,००० रुपये होती, आणि माझ्या समजुतीप्रमाणे कार्डावर दोन लाखांहून अधिक मर्यादा शिल्लक होती. मशीनने दोनदा व्यवहार नाकारला. दुकानातल्या मुलाने अगदी हळू आवाजात विचारले, ‘‘काका, दुसरं कार्ड आहे का?’’ आणि माझी मुलगी शेजारच्या कपाटातल्या वस्तू पाहू लागली. घरी आल्यावर मोबाइल चाळला, तेव्हा चार दिवसांपूर्वीचा बँकेचा दोन ओळींचा संदेश रिचार्जच्या आणि सेलच्या जाहिरातींमध्ये सापडला. मर्यादा २,४०,००० वरून ६०,००० झाली होती, आणि कारणाच्या जागी ‘अंतर्गत धोरण’ एवढेच शब्द होते. तो अपमान मला पुष्कळ दिवस पुरला. म्हणूनच आपला प्रश्न वाचल्यावर सविस्तर लिहावेसे वाटले.

सर्वांत तातडीची गोष्ट म्हणजे मर्यादेच्या वापराचे प्रमाण. तीन लाखांच्या मर्यादेवर ६२,००० रुपयांचे देणे म्हणजे सुमारे २१ टक्के वापर होता. तेच देणे ७५,००० च्या मर्यादेवर सुमारे ८३ टक्के होते. आपण एक रुपयाही जास्त खर्च केलेला नाही, पण पतमाहिती कंपनीच्या (लोकांच्या कर्जांच्या व परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत मात्र आपण मर्यादेच्या काठावर उभे असलेले ग्राहक दिसू लागता, आणि त्याचा परिणाम ३०० ते ९०० या पट्टीवर मोजल्या जाणाऱ्या सिबिल स्कोअरवर, म्हणजे आपल्या पतीच्या गुणांकावर, होऊ शकतो. हे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवावे असे सांगितले जाते. यात बहुतेकांच्या लक्षात न येणारी बाब अशी की, नोंदीत जाणारा आकडा अनेकदा बिलावर छापलेल्या देण्याचा असतो. त्यामुळे पैसे भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत थांबण्यापेक्षा बिल तयार होण्याच्या दोन-तीन दिवस आधी रक्कम भरणे जास्त उपयोगाचे ठरते. आपण बिल तयार होण्यापूर्वी ४०,००० रुपये भरू शकलात तर बिलावर २२,००० उरतील, म्हणजे वापर ३० टक्क्यांच्या किंचित खाली येईल. कार्ड बंद करू नका असे मी म्हणतो त्यामागेही हाच हिशेब आहे: कार्ड बंद झाले की ही ७५,००० ची मर्यादाही आपल्या एकूण मर्यादेतून वजा होते, आणि आपल्याकडे दुसरे कार्ड असेल आणि त्यावर देणे असेल तर एकूण वापराचे प्रमाण आणखी वाईट दिसते.

दुसरी तातडीची गोष्ट, त्याच दिवशी उरकण्यासारखी. या कार्डावरून आपोआप कापले जाणारे सगळे हप्ते पाहून घ्या. वीजबिल किंवा इंटरनेटचे बिल राहिले तर फार तर दंड बसतो, पण आरोग्यविम्याचा हप्ता शिल्लक मर्यादेअभावी परत गेला आणि ते आपल्या ध्यानात आले नाही, तर पॉलिसीच खंडित होण्याची वेळ येते. तो हप्ता तरी बचत खात्यावर वळवून घ्यावा. कार्डावर एखादी वस्तू मासिक हप्त्यांनी घेतलेली असल्यास तिचे उरलेले मुद्दलही याच कमी झालेल्या मर्यादेतून अडकून राहते, हेही मोजणीत धरावे.

आता कारणाकडे वळू. बँका मर्यादा कापतात ती काही वेळा त्यांच्या स्वतःच्या अडचणीमुळे. २०२० च्या टाळेबंदीत लोकांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या, तेव्हा अनेक ग्राहकांच्या मर्यादा अशाच खाली आल्या. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यांवरील जोखीमभार १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केला. सोप्या शब्दांत सांगायचे तर, किमान ९ टक्के भांडवलाच्या हिशेबाने कार्डावरच्या प्रत्येक १०० रुपयांच्या येण्यामागे बँकेला पूर्वी सव्वाअकरा रुपये स्वतःचे भांडवल बाजूला ठेवावे लागत होते, ते साडेतेरा रुपये झाले. कार्डासारखे विनातारण कर्ज देणे महाग पडू लागले की बँक सर्व ग्राहकांची यादी पुन्हा तपासते, आणि त्या चाळणीत चांगला ग्राहकही सापडू शकतो. परंतु अनेकदा कारण आपल्याच नोंदीत असते: दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरणे, थोड्या अवधीत तीन-चार ठिकाणी कर्जासाठी अर्ज करणे, नवे मोठे कर्ज, नोकरी बदलल्याची किंवा निवृत्तीची नोंद, वैयक्तिक कार्डावर धंद्याची उलाढाल, किंवा वर्षानुवर्षे कार्ड जवळजवळ न वापरणे.

म्हणून बँकेला फोन लावण्याआधी आपला पतअहवाल मागवावा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे त्यासाठी कुठल्याही मध्यस्थ संकेतस्थळाला पैसे देण्याची गरज नाही. अहवालात प्रत्येक खात्याखाली महिन्यागणिक तीन आकडी चौकटी असतात. ००० म्हणजे थकबाकी नाही, आणि त्याहून मोठा आकडा म्हणजे तितके दिवस उशीर. माझ्या अहवालात एका वेगळ्याच बँकेच्या कार्डाखाली ०२९, ०६०, ०९० असे आकडे ओळीने चढत गेलेले दिसले. ते कार्ड मी बंद करण्याची विनंती ई-मेलने पाठवून कात्रीने कापून टाकले होते. प्रत्यक्षात ते बंद झालेच नव्हते. त्यावर ५०० रुपये वार्षिक शुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरून ५९० रुपये लागले होते, आणि दंड व व्याज मिळून ती रक्कम दोन हजारांच्या वर गेली होती. मी न पाहिलेल्या ५९० रुपयांसाठी माझी वीस वर्षांची पत डागाळली गेली, याचे मला आजही वाईट वाटते. सुदैवाने तो जुना ई-मेल जपून ठेवलेला होता, म्हणून त्या बँकेने शुल्क मागे घेतले आणि नोंद दुरुस्त केली. आपल्या अहवालातही अशी चूक आढळली तर दुरुस्तीची तक्रार लगेच नोंदवावी: ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

आपले हक्क नेमके कुठपर्यंत आहेत, हेही स्पष्ट समजून घ्यायला हवे. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार मर्यादा वाढवायची असेल तर बँकेला आपली स्पष्ट संमती घ्यावी लागते. कमी करायची असेल तर मात्र संमतीची अट नाही, केवळ आपल्याला कळवण्याचे बंधन आहे. त्यामुळे ‘मला न विचारता मर्यादा का कापली’ ही तक्रार टिकत नाही, पण ‘मला कळवलेच नाही’ ही तक्रार निश्चित टिकते. प्रथम बँकेच्या तक्रार निवारण विभागाला लेखी कळवावे, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क तक्रार करता येते. मर्यादा किती द्यावी हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि त्यात लोकपाल हात घालत नाहीत, एवढे ध्यानात ठेवूनच तक्रारीचा मजकूर लिहावा.

मर्यादा परत मिळवण्यासाठी वेगळे पत्र लिहावे, आणि त्यात तक्रारीचा सूर नसावा. मी पत्रासोबत अलीकडच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, आयकर विवरणपत्राची पोच आणि दुरुस्त झालेला पतअहवाल जोडला होता, आणि मर्यादा कमी करण्याचे कारण कळवावे व निर्णयाचा फेरविचार करावा अशी विनंती केली होती. पहिल्यांदा नकार आला. पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज केला तेव्हा मर्यादा १,५०,००० झाली; पूर्वीइतकी ती आजही झालेली नाही.

मधल्या काळात पैशांची गरज पडली, तर कार्डावरून रोख रक्कम मुळीच काढू नये, कारण तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. किमान रक्कम भरून महिना ढकलणेही तितकेच घातक आहे: दरमहा साडेतीन टक्के दराने ६२,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज २,१७० रुपये होते, आणि व्याजावर ३० टक्क्यांची कमाल मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केल्यामुळे तोही आधार आता उरलेला नाही. त्यापेक्षा मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव न मोडता तिच्या तारणावर मिळणारी उचल) घ्यावा, किंवा आपल्या कार्यालयाची सेवक पतसंस्था असेल तर तिथे अर्ज करावा. मी लॅपटॉपचे पैसे शेवटी पतसंस्थेच्या कर्जातूनच भरले.

हे सगळे करूनही पुढे कधी ते कार्ड नकोच वाटले, तर आधी संपूर्ण देणे फेडावे आणि बंद करण्याची विनंती फोनवर न करता लेखी करावी. विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केले पाहिजे, आणि उशीर झाल्यास खात्यावर देणे नसलेल्या ग्राहकाला दररोज ५०० रुपये दिले पाहिजेत. बंद झाल्याचा ई-मेल हाती आल्यावरही दोन महिन्यांनी पतअहवाल उघडून त्या खात्यापुढे ‘बंद’ असे लिहिले आहे ना, हे स्वतः पाहावे.