सीएसव्ही फाइलमधल्या १७०००००००० अशा आकड्यांची एक्सेलमध्ये तारीख कशी करायची? सूत्र वापरलं तरी काही ऑर्डरी आदल्या दिवशी का दिसतात?

सूत्र अर्धवट सांगितलं गेलंय, एवढाच घोळ आहे.

तो आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद. मध्यरात्र यूटीसीची, म्हणजे ढोबळमानाने ग्रिनिचची, आपली नव्हे. ही युनिक्सची पद्धत, आणि बहुतेक सर्व्हर तीच वापरतात. एक्सेल सेकंद मोजत नाही, दिवस मोजतं. १ जानेवारी १९०० म्हणजे १, दुसऱ्या दिवशी २, आणि वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. दुपारचे बारा म्हणजे ०.५. म्हणून सेकंदांना ८६४०० ने भागून त्यात २५५६९ मिळवायचे, कारण १ जानेवारी १९७० हा एक्सेलच्या लेखी २५५६९ वा दिवस.

(बोटांवर मोजलंत तर २५५६८ च येतील. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा न झालेला दिवस मोजतं. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट सॉफ्टवेअरमध्ये ही चूक होती आणि तिथल्या शीट जुळाव्यात म्हणून ती जाणूनबुजून तशीच ठेवली. मार्च १९०० पासून पुढच्या तारखा बरोबर येतात, तेव्हा काळजी नको.)

आता तुमचाच आकडा घ्या. १७००००००००/८६४०० = १९६७५.९२५९. त्यात २५५६९ मिळवले की ४५२४४.९२५९, म्हणजे १४ नोव्हेंबर २०२३, रात्रीचे १०:१३:२०. ही झाली यूटीसी. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणजे ती ऑर्डर खरी १५ नोव्हेंबरला पहाटे ३:४३:२० ला पडली. एक्सेलच्या सेलला टाइम झोन नावाची गोष्टच ठाऊक नसते, साडेपाच तास आपणच घालायचे (ए२ म्हणजे A2, तुमचा आकडा असलेला सेल):

=ए२/८६४००+२५५६९+५.५/२४

मग सेलला तारीख आणि वेळ दोन्ही दाखवणारा फॉरमॅट द्या. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळातल्याच ऑर्डरी आदल्या दिवशी सरकतात. बाकीच्यांची तारीख बरोबर येते, वेळ तेवढी चुकते, म्हणून ही चूक महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. रोजची बेरीज काढायची असेल तर अपूर्णांक उडवायला सगळ्या सूत्राभोवती इंट (INT) हे फंक्शन लावा. साडेपाच तास मिळवण्याआधी इंट लावलंत तर पुन्हा तोच घोळ.

सूत्र लावण्याआधी आकडे मोजा. दहा आकडी असेल तर सेकंद. तेरा आकडी असेल तर मिलिसेकंद (जावास्क्रिप्टची सवय), तिथे ८६४००००० ने भागा. अठरा आकडी असेल तर बहुधा विंडोजची मोजणी, १ जानेवारी १६०१ पासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. ती एक्सेलमध्ये थेट उघडूच नका. एक्सेल पंधरा आकड्यांपुढचे आकडे शून्य करून टाकतं. तेरा आकडी कॉलमचाही एक सापळा आहे. तो १.७ई+१२ असा दिसतो, आणि तशीच फाइल परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की दिसतं तेवढंच लिहिलं जातं. मूळ आकडे गेले ते गेलेच. आधी कॉलमला नंबर फॉरमॅट द्या, दशांश शून्य ठेवा.

सगळ्याच तारखा चार वर्षं आणि एक दिवस मागेपुढे दिसत असतील, तर ती वर्कबुक १९०४ पासून मोजणारी आहे, जुन्या मॅकवरची. तिथे २५५६९ ऐवजी २४१०७.

एखाद्या ओळीत ०१-०१-१९७०, सकाळी ५:३० दिसलं तर ती ऑर्डर नव्हे. तिथे मूळ आकडा शून्य आहे, म्हणजे तारीख भरलीच गेली नव्हती. असल्या ओळी बेरजेतून वगळा.

त्याच फाइलमध्ये ग्राहकांच्या जन्मतारखाही सेकंदांत असतील, तर सॉफ्टवेअरवाल्याला ते बदलायला सांगा. जन्मतारखेला वेळ नसते, ती नुसती तारीख म्हणूनच साठवावी. सेकंदांत ठेवली की आपली मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशी संध्याकाळचे साडेसहा होते आणि कुठल्यातरी रिपोर्टात वाढदिवस एक दिवस आधी येतो. वयस्कर ग्राहकांचं तर आणखी विचित्र. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, भारतातली घड्याळं एक तास पुढे, यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती, आणि टाइम झोनच्या डेटाबेसात ते नोंदलेलं आहे. १९४३ सालच्या जन्मतारखेची मध्यरात्र सर्व्हरने त्यानुसार बदलली, तर तिच्यात वरच्या सूत्राने साडेपाचच तास मिळतील आणि आदल्या रात्रीचे अकरा दिसतील. तिथे ६.५/२४ लागतं.