ख्रिस्ती झाल्यावर जात जाते का?

तुम्ही विचारलंय, ‘ख्रिस्ती धर्मात सगळे समान, तिथे माणसाचं अंतःकरण बदलतं म्हणतात, मग ख्रिस्ती लोकांतही जात का दिसते?’ मी नगर जिल्ह्यातला, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. दुसऱ्या कुणाचं कशाला, माझंच सांगतो.

मुलीसाठी स्थळ आलं होतं. मुलाच्या वडिलांशी फोनवर बोलत होतो. कुठली मंडळी म्हणजे चर्च, पाळक म्हणजे पाद्री कोण, मुलगा काय करतो, सगळं झालं आणि मी विचारलं, “मूळचे कुठले तुम्ही?” ते म्हणाले, “संगमनेरचे.” मी म्हणालो, “नाही, तसं नाही, मूळचे म्हणजे...” आणि पुढे बोलवेना. पलीकडेही शांतता. आमच्यात ‘मूळचे’ या शब्दाचा अर्थ काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. आदल्याच रविवारी उपासनेत मी बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचला होता. यहूदी-हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद उरला नाही, ख्रिस्तात सगळे एकच, असं सांगणारा तोच अध्याय. अगदी खणखणीत आवाजात वाचला होता.

हे वचन आमच्याकडे उठता-बसता ऐकवलं जातं. पण त्याच पत्रात, एकच अध्याय आधी, जेवणावरून झालेलं भांडण आहे, ते फारसं कुणी काढत नाही. पेत्र हा येशूचा थेट शिष्य, जन्माने यहूदी. यापो गावी घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, प्रार्थना करताना त्याला दृष्टांत झाला होता: आकाशातून चादरीसारखं काही उतरलं, त्यात सगळ्या तऱ्हेचे प्राणी, आणि वाणी झाली की देवाने जे शुद्ध केलं ते तू अशुद्ध मानू नकोस. एकदा नाही, तीनदा. मग तो कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरात गेला. आता बदलला म्हणायचा की नाही माणूस? पण पुढे अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसणारा हाच पेत्र, यरुशलेमकडचे यहूदी लोक आल्यावर त्यांना भिऊन बाजूला झाला. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. पेत्राला सगळं पटलेलं होतं हो, पण आपले लोक काय म्हणतील ही भीती काही गेली नव्हती. माझी तरी कुठे गेली होती?

उलट्या क्रमाचं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला. माणसाने केली असं पटलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे आधी पाण्याचा तांब्या बदलला, धर्म मागाहून. मला त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला हा भाग कितीतरी प्रवचनांपेक्षा खरा वाटतो.

सरकारदरबारी तर आणखीच गंमत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीत धरला जात नाही. त्या यादीत दलित शिखांचा समावेश १९५६ ला झाला, बौद्धांचा १९९० ला. म्हणजे कागदावर आमची जात गेली. सोयरिकीच्या वेळी तेवढी परत येते.

तेव्हा अंतःकरण बदलतं का? बदलतं, असं मी मानतो. बायबलमधल्या यहेज्केलाच्या ग्रंथात देव म्हणतो की तुमचं पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईन. फक्त एवढंच, की मांस म्हटलं की दुखणं आलं. त्या फोननंतर मला दोन रात्री झोप लागली नाही. आधीच्या दोन मुलींच्या सोयरिकी जुळवताना हाच प्रश्न विचारून मी गाढ झोपलो होतो.

तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना फोन करून माफी मागितली. ते हसले. म्हणाले, “मीही तेच विचारणार होतो, तुम्ही आधी विचारलंत.” नंतर दोन्ही घरं एकमेकांकडे जेवली. सोयरीक जमली नाही. मुलीलाच मुलगा पसंत पडला नाही.